पंचविसावा पापड

पेणच्या एसटी स्टँडबाहेर पोह्याचे पापड विकणारी ती बाई, बँकेतला कॅशियर नोट बघतो तसा, प्रत्येक पापड उन्हाकडे धरून बघते आणि मगच गिऱ्हाइकाला देते. भाव कधी कमी करत नाही.

मुलगा मला आइसलँडला नेणार हे कळल्यावर मात्र तिने पंचवीस पापड फुकट दिले. "मास्तर, तिथल्या गोऱ्यांना चाखवा, नि काय म्हणतात ते मला येऊन सांगा."

परतल्यावर मी सांगितलं, "फार आवडले." तेव्हापासून ती हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. ते कानावर पडू नये म्हणून मी एसटी सोडून रोह्याला रेल्वेने जाऊ लागलो.

काल मात्र तिच्यासमोर उभा राहून खरं सांगून टाकलं. तिथे वाटीभर सुपाच्या पैशांत आमचा आठवड्याचा बाजार झाला असता. म्हणून सगळे पापड आम्ही बापलेकांनीच हॉटेलच्या इस्त्रीवर भाजून खाल्ले. एकाही गोऱ्याला दिला नाही.



"इस्त्रीवर? करपले नाय ना?"

"एक करपला."

तिने टोपलीतून एक पापड काढला, उन्हाकडे धरून नीट बघितला आणि माझ्या हातात ठेवला.

"म्हंजे चोवीसच खाल्लेत. हा घ्या पंचविसावा."