कॉर्फबॉलचा फ्लेक्स

आधी खेळ सांगते, कारण तो कुणालाच माहीत नसतो. कॉर्फबॉल. नेदरलँड्सचा. उंच खांबावर पिवळी प्लास्टिकची टोपली असते, तिला जाळी नाही, मागे फळी नाही, तिच्यात बॉल टाकायचा. बॉल घेऊन पळायचं नाही. आणि मेन म्हणजे एका टीममध्ये चार पोरी, चार पोरं. एकत्र! हे सगळं मला माझ्या मैत्रिणीनं सांगितलं, मी कामाला असते त्या वडगावच्या फ्लेक्सच्या दुकानात, स्टुलावर उभं राहून, दोन्ही हात वर करून. आमचे मालक भाऊ म्हणाले, "बाई, खाली उतर, पंख्याला डोकं लागंल."

ती नवलाख उंबरे गावची, शाळेपासूनची माझी. तिच्या कॉलेजच्या सरांनी ही टीम काढलेली आणि ती कॅप्टन झालेली. लोणावळ्याला स्पर्धा होती. पण तिला धरून पोरी तीनच, आणि चौथी नसली तर टीम घेतच नाहीत. म्हणून पोस्टर हवं होतं. ते मीच करायचं, असं तिनं सरांना परस्पर सांगून टाकलेलं.

मला इतका आनंद झाला ना! रोज मी काय करते, तर वाढदिवस, दशक्रिया, बैलगाडा शर्यत. परदेशातला खेळ पहिल्यांदाच. नेटवरचे फोटो लावून बघितले तर भाऊ मागून म्हणाले, "ह्या गोऱ्यांना हितं कोण वळखतंय? आपला चेहरा टाक. माणूस चेहरा बघून थांबतो, वाचतो नंतर." बरोबरच होतं. मग ग्राउंडवर जाऊन मी भराभर फोटो काढले. एकात ती हवेत होती, वेणी उडालेली, बॉल नुकताच हातातून सुटलेला. शेजारी टीममधलाच एक पोरगा, वर बघून हसत असलेला.

"हा टाकू?"

"टाक," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण बारीक टाक हां."

हो हो, म्हणाले मी. का बारीक, हे विचारलंच नाही.

सकाळीच एका लग्नाचा फ्लेक्स केला होता, फाईल उघडीच होती. सोनेरी महिरप, वर झेंडूच्या माळा, पडणाऱ्या पाकळ्या. टोपली पिवळी, झेंडू पिवळा, काय मस्त जुळतंय, असं मला वाटलं! नवरा-नवरीचे फोटो काढून टाकले, तिथं हिचा आणि त्या पोराचा बसवला. नावं खोडून 'कॉर्फबॉल' टाकलं. खाली 'चला, एकत्र खेळूया!' सरांनी मोबाईलवर एवढुसं बघून अंगठा पाठवला. तिला दाखवलं नाही, सरप्राइज द्यायचं म्हणून. एक फ्लेक्स कॉलेजबाहेर, एक तळेगाव स्टेशनजवळ, आणि तिसरा मी हट्टानं तिच्याच गावच्या चौकात लावून घेतला. दहा फुटी.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील दुकानात आले. कंपनीच्या कपड्यांतच, शिफ्ट सुटून थेट.

"चौकातलं त्ये तू केलं व्हय?"

"व्हय काका! कसं झालंय?"

"झ्याक झालंय. पाव्हणं फोन करत्यात. म्हनत्यात, साखरपुडा उरकला आन् आमाला सांगितलं न्हाई."

मी हसले. मला वाटलं ते मजा करतायत. ते हसले नाहीत.

"आमी पोरीला खो-खोला धाडत व्हतो. ह्ये पोरगं कोण?"

खो-खो! म्हणजे घरी तिनं सांगितलेलंच नव्हतं. मी घाईघाईनं बोलत सुटले, "काका, या खेळात नियमच आहे तसा. चार पोरी, चार पोरं. पोरीला पोरगीच अडवते, पोराला पोरगा, अंगाला हात लावायचा नाही..."

"ह्ये तू मला सांगतीस. चौकातल्या एकेकाला कोण सांगत बसनार?"

भाऊ म्हणाले, "दादा, च्या घ्या." ते म्हणाले, "नगं." आणि चौकातला फ्लेक्स स्वतः उतरवून घरी घेऊन गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ती ग्राउंडवर यायची बंद झाली. सर घरी जाऊन आले. वडिलांनी त्यांना नीट बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "आता पोरगी अभ्यास करंल."

आणि पोस्टर तर चाललं! स्टेशनजवळचा फ्लेक्स बघून तळेगावच्या दोघी आल्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "ती उडी मारणारी ताई कुठाय? तिला बघून तर आलो आम्ही." त्या दोघी आल्या, ही गेली, पोरी चार झाल्या. टीम लोणावळ्याला गेली. मीही गेले बघायला. पहिल्याच मॅचला आमचे हरले. नव्या पोरीनं दोन गोल टाकले, सगळे ओरडले, मी पण ओरडले आणि ओरडता ओरडताच रडायला आलं.

येताना चिक्की घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "बस, च्या ठिवते." तेवढ्यात मैत्रीण मला घरामागच्या परड्यात घेऊन गेली. तिथं सरपणाच्या ढिगावर फ्लेक्स घातलेला, पांढरी बाजू वर, कोपऱ्यांना सुतळी बांधलेली.

"तू बारीक म्हणाली होतीस," मी म्हणाले.

"व्हय."

"मला सांगायचं ना गं, का ते."

"सांगितलं असतं तर तू टाकलाच नसतास." तिनं चिक्कीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "माझ्या जागेवर कोण हाय? कशी टाकते?"

"बरी टाकते," मी म्हणाले.

मग वाकून तिनं एका कोपऱ्याची सुतळी सोडली, फ्लेक्स हातभर उचलला. आत झेंडू, पाकळ्या, आणि तिचा बॉल सुटलेला हात.

"छापलेली बाजू आत मीच ठेवलीय," ती म्हणाली. "वर ठेवली तर उन्हानं रंग जातो."

आणि परत सुतळी बांधली. दोन गाठी मारून.