दहा मिनिटांची सोय

आमच्या विद्यापीठाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या काकांना सगळे ‘दहामिनिटे’ म्हणायचे. आडनाव म्हणून खपलं असतं, पण ते त्यांच्या सवयीवरून पडलं होतं. राउटरमध्ये कसलाही बदल करण्याआधी ते त्यात टायमर लावायचे: दहा मिनिटांत मी ‘ठीक आहे’ म्हटलं नाही, तर मुकाट्यानं जुन्या मांडणीवर परत ये. बावीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता. मी मात्र त्यापायी रडकुंडीला आले होते.

नेटवर्कनं गर्दी ओळखून आपले रस्ते आपणच बदलावेत, माणसाला विचारत बसू नये, हे माझं संशोधन. पाच वर्षं त्यात घातली होती. संचालकांनी खऱ्या नेटवर्कवर चाचण्यांना परवानगी दिली ती एका अटीवर: माझ्या प्रोग्रॅममुळे नेटवर्क एकदा जरी बंद पडलं, तर चाचण्या बंद. म्हणजे प्रबंधही गुंडाळायचा. आणि माझ्या प्रोग्रॅमचे बदल दहा मिनिटांत तपासून ‘ठीक आहे’ म्हणणं काकांना जमायचं नाही, त्यामुळे त्यांचा टायमर दर वेळी मध्येच सगळं मागे न्यायचा, मोजमाप वाया जायचं. वर्षभर मी त्यांचं डोकं खाल्लं. “काका, जरा विश्वास ठेवा की!”

शनिवारी सकाळी अकराला प्रोग्रॅम चालू केला. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावरची एकेक इमारत लाल झाली, म्हणजे तिथलं नेटवर्क बंद. परीक्षा विभागाच्या बाई धावत आल्या. बारा वाजता चारशे मुलांची परीक्षा होती, तीही ऑनलाइन.

“घाबरू नका,” मी म्हणाले. “दहा मिनिटांत येईल परत.”

दहा मिनिटं झाली. बारा मिनिटं झाली.

“काका?”

“लावला नव्हता,” ते हळूच म्हणाले. “तू म्हणत होतीस ना, विश्वास ठेवा. आज ठेवला.”

माझ्या शहाण्या प्रोग्रॅमनं ज्या रस्त्यानं राउटरला आज्ञा मिळायच्या, तोच रस्ता बंद केला होता. आता इथून काही करता येत नव्हतं. काका लॅपटॉप आणि केबल घेऊन दुखऱ्या गुडघ्यांनी तळघरातल्या राउटरपर्यंत चार मजले उतरले. नेटवर्क आलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. परीक्षा रद्द झाली होती.

दुपारी संचालकांपुढे काकांचा अहवाल होता. ‘बदलाआधी टायमर लावला नाही. चूक माझी.’ त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमचं मात्र नावही नव्हतं.

“तुमच्या प्रोग्रॅममध्ये काही दोष?” संचालकांनी मला विचारलं.

काका खिडकीबाहेर बघत होते. ‘हो’ म्हणायला एक क्षण पुरला असता.

“नाही, सर,” मी म्हणाले. मला स्वतःची किळस आली, तरी शब्द मागे घेतले नाहीत.

सोमवारी काकांची बदली भांडारात झाली. माझ्या चाचण्या चालू राहिल्या. सामान आवरताना ते मला जिन्यात भेटले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“चूक सापडली का कुठे आहे ती?”

“हो.”

“मग आधी ती दुरुस्त कर,” काका म्हणाले. “रडायला नंतर वेळ आहे.”