विटकरी शेवंतीचं वाण

कापसाच्या जिनिंगवाल्या सुनीतीताई येत्या रविवारी आपला बगीचा सगळ्यांना पाहायला उघडणार, हे विजयमालाबाईंना दिग्रसच्या बाजारात कळलं. हातातली मेथीची जुडी परत टोपल्यात टाकून त्या घरी आल्या. तिकीट होतं, आणि तिकिटाचा पैसा मुलींच्या वसतिगृहात पाण्याची टाकी बसवायला जाणार होता. म्हणजे नावं ठेवायलाही जागा नाही. तेच तर जास्त डाचत होतं.

"दोन एकराचा बगीचा हाय, दाखवतीन नाही तं काय झाकून ठेवतीन?" त्यांचे यजमान भगवानराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "तुले काहून झोंबून राह्यलं?"

"मले कायले झोंबते?"

झोंबत होती ती शेवंती. विजयमालाबाईंच्या माहेरी, नेरला, विहिरीजवळ एक शेवंती होती. पाकळी बाहेरून विटकरी, आतून पिवळी. लग्नानंतर त्यांनी ती सोबत आणली आणि तीस वर्षं तेलाच्या डब्यांमध्ये जगवली. सुनीतीताई पुणं सोडून इथं राहायला आल्या, त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायकांना स्टीलच्या वाट्या मिळाल्या, पण या नव्या पाहुणीच्या ओटीत विजयमालाबाईंनी त्या शेवंतीचा मुळासकट फुटवा घातला. वाण म्हणून. गेल्या पावसाळ्यात त्यांची स्वतःची सगळी झाडं सडली. आता ती शेवंती उरली होती फक्त त्या बगीच्यात. मागितली असती तर एकाच्या जागी चार फुटवे मिळाले असते. पण आपलीच वस्तू हात पसरून मागायची? सुनीतीताईंनी स्वतःहून, चारचौघींत म्हणावं की ही विजयमालाबाईंची. एवढ्यासाठी त्यांनी तिकीट काढलं.

रविवारी फाटकातच सुनीतीताईंची लेक ऋचा नऊवारी नेसून उभी. येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू लावत होती, तिळगूळ देत होती. "स्वागत छान वाटतं ना, काकू?" तिनं विचारलं. "वाटते न," विजयमालाबाई म्हणाल्या आणि मनात म्हणाल्या, पोरगीही गोडच असायला पाहिजे होती का?

आत हिरवळ अशी, की चप्पल काढावीशी वाटावी. माळी शंकरसिंग नवा सदरा घालून झाडांची नावं सांगत होता. आणि मधोमध, सगळ्यात चांगल्या उन्हात, शेवंतीचा वाफा. त्यांच्या डब्यात कधी आली नव्हती एवढी मोठी फुलं. वाफ्यात पाटी होती: आमची खास शेवंती.

विजयमालाबाईंनी ती तीनदा वाचली. आमची!

"काय रंग हाय व माय," शेजारच्या विमलताई म्हणाल्या. "सुनीतीताईचा हातच येगळा."

"पाणी सोडाले माणूस असला का कोणाचाही हात येगळा होते," विजयमालाबाई म्हणाल्या.

बगीचा पाहून झाला, तरी बायका हलेनात. कोणी बाकावर टेकल्या, कोणी पारावर. फाटकाबाहेर दुसरी तुकडी खोळंबलेली. सुनीतीताई हसून सगळ्यांना "या हं पुन्हा" म्हणत होत्या, बायकाही हसून "हो हो" म्हणत होत्या आणि बसून राहत होत्या. विजयमालाबाईंना कारण पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तरी त्या पंधरा मिनिटं गप्प बसल्या. ती पंधरा मिनिटं फार बरी गेली.

शेवटी सुनीतीताईच जवळ आल्या. "ताई, या बायका जात का नाहीत हो? माझं काही चुकलं का?"

"रथसप्तमी व्हाची हाय अजून. तुमच्या पोरीनं कुंकू लावलं. आता वाणाबिगर कशा जातीन?"

"अगंबाई! ते नुसतं स्वागत होतं. आता पन्नास जणींना काय देऊ मी?"

विजयमालाबाईंनी वाफ्याकडं पाहिलं. फुलांच्या जागी मोकळी माती डोळ्यांपुढं आली आणि जीभ सुटली. "शेवंती हाय न. बुडाशी फुटवे किती निंगाले. द्या उपटून."

त्यांना वाटलं, सुनीतीताईंचा चेहरा पडेल. त्यांनी मात्र पदर खोचला, शंकरसिंगकडून खुरपं घेतलं आणि स्वतः मातीत बसल्या. बायकांची झुंबड उडाली. एकेकीला कागदात गुंडाळून फुटवा मिळाला, एकेकीनं "मोठं मन हो ताई" म्हटलं. टाकीसाठी ठेवलेल्या पेटीत कितीतरी जणींनी वरून आणखी पैसे टाकले.

वाफा उकरून निघाला. सगळ्यात शेवटी सुनीतीताईंनी मातीनं भरलेले हात पुढं केले. "ताई, ओटी धरा. तुमच्यामुळे माझी लाज राहिली."

आता नाही तर कधीच नाही. "हे मीच देल्लं होतं तुम्हाले," विजयमालाबाई म्हणाल्या. "वाणातच. माह्या माहेरचं हाय."

सुनीतीताई थबकल्या. "हो? मला वाटत होतं, शंकरसिंगनंच कुठून तरी आणली. खरंच विसरले हो मी!" त्यांनी वळून बायकांना हाक दिली, "अहो, ऐकलंत का, ही शेवंती..."

पण बायका फाटकाबाहेर पडल्या होत्या, दुसरी तुकडी अजून आत यायची होती. ऐकायला शंकरसिंग होता, तो हात धूत होता. चोरली असती तर भांडता आलं असतं. विसरलेल्या माणसाशी काय भांडणार? विजयमालाबाईंनी ओटी धरली.

पंधरा दिवसांनी विमलताईंनी भिंतीवरून विचारलं, "सुनीतीताईची शेवंती लागली का व तुमची? माही तं मस्त लागली."

"लागली," विजयमालाबाई म्हणाल्या.

विमलताई आत गेल्यावर त्यांनी भिंतीवरचा शेवंतीचा डबा उचलला आणि मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापलीकडं नेऊन ठेवला. तिथं ऊन कमी येतं, पण कोणी येत नाही.