फ्रान्सला गेलेलं गाऱ्हाणं

मी कट्टा नावाच्या आमच्या मालवणी गावात घरी बसून कार्टूनचे विनोद फ्रेंचमध्ये नेते, असं सांगितलं की लोक माझ्याऐवजी माझ्या सासऱ्यांकडे बघतात. सासरेही मान डोलावतात, जणू मला फ्रेंच त्यांनीच शिकवलं.

मी काम करते त्या पुण्यातल्या स्टुडिओनं मालवणी कुटुंबावर विनोदी कार्टून मालिका काढली. एका भागात ऐन वाटपाच्या, म्हणजे खोबऱ्याचा मसाला वाटायच्या वेळी मिक्सर बंद पडतो आणि आजोबा त्याच्यापुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. त्यासाठी अस्सल आवाज हवा होता. आमच्या वाडीत लग्न असो की नवी रिक्षा, गाऱ्हाण्याला सासऱ्यांनाच बोलावतात. मी लगेच त्यांना पुढे केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो मिक्सर वाटपाच्या टायमाकच बंद पडता. तेका काय बाधा झाली असात ती दूर कर रे म्हाराजा!" आणि मागून सगळं घर, "व्हय म्हाराजा!" मराठीत लोक पोट धरून हसले. मग ती मालिका एका फ्रेंच वाहिनीनं घेतली आणि तिचं फ्रेंच करायचं काम माझ्याकडे आलं. सासऱ्यांनी भर बाजारात सांगून टाकलं, "आता माझां गाऱ्हाणां फ्रान्सात जातलां."

आणि फ्रान्सहून निरोप आला: हा प्रसंग कापू या. म्हातारा एकटाच पुटपुटतोय, हसू येत नाही.

केलं मीच होतं. फ्रेंच वाक्यं लांबतात आणि पडद्यावरचा वेळ तेवढाच असतो. म्हणून मधले सगळे 'व्हय म्हाराजा' उडवून ती जागा मी आजोबांच्या बोलण्याला दिली आणि शेवटी एकच 'आमेन' ठेवलं. आता सासऱ्यांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं? बाजारात त्यांचं हसं होणार, या विचारानं मला जेवण जाईना.

तशात इंटरनेट गेलं. सासऱ्यांनी राउटरपुढे नारळ ठेवला आणि सुरू झाले. घरात आम्ही दोघंच. मी आपली टाइप करतेय. ते थांबले.

"गो, व्हय म्हण! तू गप ऱ्हवलंस तर देव फुडचां कसां आयकतलो?"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. त्यांना चेव आला. गाडी राउटरवरून काजूच्या भावावर गेली, तिथून माझ्यावर आली. "ह्या सुनेक वेळेर जेवची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाले, आणि मग माझं मलाच हसू फुटलं. माणूस स्वतःविरुद्धसुद्धा हो म्हणून जातो, गंमत सगळी तिथेच होती. आणि तीच मी कापली होती.

इंटरनेट आल्यावर आजोबांची वाक्यं निर्दयपणे छाटली. 'व्हय म्हाराजा' जसंच्या तसं मालवणीतच ठेवलं. पहिल्यांदा नाही कळणार, पण चार वेळा ऐकल्यावर तेही म्हणू लागतील, असं वाटलं. तिकडच्या लोकांना ते पटलं आणि प्रसंग वाचला.

तयार भाग आला तेव्हा सासरे इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसले. आजोबांच्या तोंडून फ्रेंच नटाचा आवाज आला आणि सासऱ्यांचा चेहरा पडला. "ह्यो कोण माझ्या जागेर?"

फ्रेंचमध्ये दुसऱ्याचाच आवाज असणार, हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं. काहीतरी समजूत घालावी म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात फ्रेंच म्हातारा हात जोडून थांबला.

आयुष्यभर दुसऱ्यांकडून 'व्हय' म्हणवून घेणारे माझे सासरे खुर्चीत सरळ झाले, त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"