सांगलीहून आणलेली फांदी

माझ्या नवऱ्याला मी दिवसाउजेडी पाहायची ती फक्त रविवारी. बाकी सहा दिवस तो सांगलीच्या कारखान्यात, नाहीतर एसटीत. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर ही नोकरी लागली, तेव्हा पलूसजवळच्या आमच्या गावात सासूबाईंनी घरोघर पेढे वाटले होते. सांगलीत खोली घ्यावी तर भाडं झेपेना, आणि इकडचा ऊस कोण बघणार? म्हणून रोज जाऊन-येऊन करायचं ठरलं. पगाराचा मोठा घास तिकिटातच जायचा. पेढे वाटणाऱ्या सासूबाईच मग म्हणू लागल्या, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

तो पहाटे निघायचा तेव्हा आमची लेक झोपलेली असायची, परतायचा तेव्हाही झोपलेली. रविवारी त्याने उचलून घेतलं की ती माझ्याकडे हात पसरून रडायची. तो हसण्यावारी न्यायचा, पण चेहरा उतरलेला दिसायचा. मला ते बघवत नसे.

त्यात त्याला खोकला. गाडीचा निम्मा धूर आतच यायचा. त्याचा शर्ट भिजवला की बादलीतलं पाणी काळं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, धूर टाळा. एसटीत उभ्या माणसाने धूर टाळायचा म्हणजे काय श्वास घरी ठेवून जायचं?

रस्ता तेव्हा अरुंद होता. हंगामात पुढे उसाच्या बैलगाड्या आणि मागे रांगत येणारी एसटी. रोज जाणाऱ्यांनी रस्ता रुंद करा म्हणून नेट लावला. त्यात माझा नवरा पुढे. "रस्ता हू दे, दिस मावळायच्या आत घरात हाय बघ," असं मला सांगायचा.

रस्ता झाला. दोन्ही बाजूंचे वड गेले. थांब्यावरचा मोठा वडही गेला. वटपौर्णिमेला गावच्या बायका त्यालाच सूत गुंडाळायच्या. त्याचं लाकूड गुऱ्हाळाच्या चुलाणात जळालं. सासूबाई लेकावर कडाडल्या, "नवऱ्याच्या आयुष्यासाठी बायका ज्याला पुजत्यात, त्येच झाड तुमी तोडाय लावलं व्हय रं?"

"आये, झाड मोठं का माणूस? घरला लवकर येतुय न्हवं?" तो म्हणाला.

आणि सुरुवातीला आलाही. उन्हं असताना अंगणात चपला वाजायच्या. लेक हळूहळू त्याच्या मांडीवर बसायला लागली. मीसुद्धा मनात म्हटलं, गेली झाडं तर गेली.

पण कारखान्यातही रस्त्याची बातमी पोचलीच. आजवर लांबच्या गावचा म्हणून त्याला थोडं आधी सोडायचे. आता साहेब म्हणाले, रस्ता चांगला झालाय, गाडीची सबब चालायची नाही. वाचलेला वेळ कामाने खाल्ला. तो पुन्हा अंधारात यायला लागला. गाड्या वाढल्या, ट्रक वाढले, धूरही वाढला. थांब्यावर माणसं डोक्यावर टॉवेल घेऊन उन्हात उभी राहू लागली.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तर तो नेहमीपेक्षाही उशिरा आला. हातात वडाची फांदी होती. शहरातल्या बायका विकतची फांदी पुजतात हे ऐकून होते, आमच्या गावात तसं कुणी केलं नव्हतं. "मंडईत मिळाली. तेवढ्यात गाडी चुकली," तो खोकत म्हणाला. "घे. न्हाईतर आई बोलंल." गर्दीत चेंगरून पानं मरगळली होती, वर काजळी बसलेली. मी ती धुतली. न जेवताच तो आडवा झाला.

सकाळी उठले तोवर तो निघून गेला होता. तांब्यात फांदी उभी केली, सूत गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं. शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माग की गं, सात जन्म ह्योच नवरा मिळू दे म्हण."

मी हात जोडले आणि मोठ्यानेच म्हणाले, "देवा, सात जन्माचं मागनं ऱ्हाऊ दे. ह्या जन्मात तरी मिळू दे."