डावा पाच, उजवा चार

दुकानात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे ते बघायचेच नाहीत. हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "जुना जोडा द्या."

गिऱ्हाईक गोंधळून पायातला बूट काढून देई. ते तो उलटा करून दाराच्या उजेडात धरत, अंगठ्याने सोलवरची माती खरवडत आणि मग पहिल्यांदा वर बघून म्हणत, "उजव्या पायाने मारता. मागे राहून खेळता. आणि पळायचा कंटाळा आहे." यातलं तिसरं वाक्य कुणालाच आवडत नसे, पण ते खोटं ठरल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं.

नारायण पेठेतल्या एका बोळात त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. कॅरमच्या सोंगट्या, बॅडमिंटनची फुलं, उड्या मारायच्या दोऱ्या, सगळं मिळे. जीव मात्र फुटबॉलच्या बुटांत. स्वतः जन्मात कधी फुटबॉल खेळलेले नव्हते. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तेव्हा म्हणाले, "डॉक्टर काय सगळे रोग स्वतःला करून घेऊन बघतात का, बाई?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुकान मालकाचं, माल मालकाचा, आणि तो विकायचा की नाही हेही तोच ठरवणार. मी शाळेत खेळ शिकवणारी बाई, माझाही आवाज मैदानाच्या या टोकाचा त्या टोकाला जातो. पण त्यांच्यापुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

तेव्हा घरोघरी केबल नुकती आली होती. परदेशी सामने दिसू लागले होते आणि पोरांना तसलेच रंगीत, तळाला लांब खुंट्या म्हणजे स्टड असलेले बूट हवे असत. असे बूट त्यांनी काचेत मांडून ठेवलेले होते, पण हात लावू द्यायचे नाहीत. "हे स्टड मऊ हिरवळीत रुतायला असतात. तुम्ही खेळता कुठे?" पोरगा मैदानाचं नाव सांगे. "म्हणजे मुरमात. मुरमात ते रुतणार नाहीत. मग ते तुमच्या तळव्यात रुततील." असं म्हणून आखूड, बोथट स्टडचा काळा बूट पुढे सरकवायचे. पोरगा हिरमुसून तो घेई आणि दोन वर्षांनी पुन्हा तिथेच येई.

पुढे काही वर्षांनी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला तरुण एकदा माझ्यादेखत आला होता. गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात इंटरनेटवरून छापून आणलेले कागद. "अंकल, मला ना एकदम लाइटवेट, स्ट्रायकरवाला बूट पाहिजे. मी सगळं कम्पेअर करून आलोय."

"छान. खेळता कधी?"

"एव्हरी संडे. म्हणजे... ऑफिसात रिलीज नसेल तर."

"शेवटचं कधी खेळलात?"

तो आठवू लागला. बराच वेळ आठवत राहिला.

"मग चप्पलसुद्धा चालेल," ते म्हणाले. पण नंतर त्यालाच बाकावर बसवून अर्धा तास पाय तपासला आणि रुंद पंजाचा साधा बूट दिला. जाताना तो "थँक्यू" म्हणाला, यांनी मान हलवली.

कुणाला कुठला बूट, याचं त्यांचं गणित पक्कं होतं. गोलरक्षकाला पाय घट्ट रोवता आला पाहिजे, म्हणून त्याला जड चाललं तरी हरकत नाही. बचावातल्याला टाच आवळून धरणारा, पुढून टणक बूट, कारण त्याच्या पायावर दुसऱ्याचे पाय पडणार. मधल्या फळीतला सगळ्यांत जास्त पळतो, त्याच्या बोटांना आत जागा हवी. आणि कडेने पळणाऱ्याला कातडं पातळ हवं. "त्याला चेंडू बघायला वेळ नसतो. त्याला तो पायालाच कळला पाहिजे," असं ते सांगायचे. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं आणि अजून शिकवते.

आमची शाळा हडपसरच्या पुढे, मांजरीच्या वाटेवर. एका वर्षी मी मुलींचा फुटबॉल संघ काढला होता. गावात हसू झालं, शिक्षकखोलीत त्याहून जास्त झालं. पण मुली जिद्दीच्या निघाल्या. त्यांतली सारिका तर अशी होती की डाव्या कडेने सुटली की मलासुद्धा शिट्टी वाजवायचं भान राहत नसे. ती अनवाणीच खेळायची. उसाच्या रानात वाढलेली, तिच्या तळव्याला खडा टोचत नसे.

पण जिल्ह्याच्या निवड चाचणीत बुटांशिवाय मैदानावर उतरू देत नाहीत. त्या चाचणीत निवड झालेल्या मुलींना क्रीडा वसतिगृहात जागा मिळायची, बारावीपर्यंत शिक्षण आणि खेळ दोन्ही. सारिकाचं त्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. तिच्या वडिलांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, निवडली तर पाठवतो, शब्द हाय माझा. न्हाई निवडली तर फुटबॉल बंद. पुन्हा म्हणून दारात येऊ नका." म्हणजे सगळं त्या एका सकाळवर होतं.

संस्थेने संघासाठी बूट मंजूर केले तेव्हा मी नारायण पेठेत जाऊन एकाच प्रकारचे चौदा जोड मागितले. ते म्हणाले, "एकाच मापाचे चौदा चष्मे घ्याल का? मुली आणा. जुने जोडे घालून आणा. आणि धुऊन आणू नका."

आणल्या. बसने, दोन फेऱ्यांत. त्या दिवशी बोळातून सायकलसुद्धा जाईना. एकेकीचा कॅनव्हासचा बूट उलटा करून ते बोलत होते आणि मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. सारिकाची पाळी आली. तिनेही जुने, फाटके कॅनव्हासचे बूट पुढे केले; एरवी घरी वापरत असेल, असं मला वाटलं. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"उजव्या पायाची आहे. टाच बाहेरून झिजलीय, उभी राहून अडवणारी. बचाव."

"अहो, ही डाव्या कडेने पळते," मी म्हटलं.

"तुम्ही पळवता, बाई. सोल तसं म्हणत नाही."

सारिका मान खाली घालून उभी. मला वाटलं, लाजली असेल. टणक टाचेचा, जाड कातड्याचा बूट घेऊन ती परत आली. आणि आता माझी अक्कल बघा. या माणसाचं कधी चुकत नाही, एवढंच डोक्यात धरून मी तिला खरोखरच बचावात खेळवायला लागले. तीसुद्धा उजवीकडे!

पोर कोमेजली. चेंडू जवळून गेला तरी पाय उचलेना. मी तिला ओरडले, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

चाचणीला सात दिवस उरले होते. सराव संपल्यावर मी शिट्टी विसरले म्हणून परत फिरले, तर सारिका एकटीच मैदानात होती. बूट काढून ठेवलेले, टाचा सोलून लाल झालेल्या, आणि ती डाव्या पायाने भिंतीवर चेंडू मारत होती. एकेक फटका असा की भिंतीचा गिलावा पडावा.

मी जवळ बसवून विचारलं. तशी ती रडायलाच लागली.

"बाई, ते बूट माझं न्हवतं. दादाचं हुतं. माझ्याकडं कुठं जुनं बूट हायेत? त्ये म्हणले जुनं आणा. समद्या पोरींकडं हुतं. मला लाज वाटली."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर मी दुकानात. गिऱ्हाइकं होती, तरी थांबले नाही. सगळं त्यांना तिथेच सांगितलं, आवाज चढवूनच. मला वाटलं, काहीतरी टोचून बोलतील. त्यांनी हातातला बूट खाली ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "आज आणि उद्या दुकान बंद आहे." लगेच त्यांनी शटर ओढूनही घेतलं, एक जण अजून आतच होता.

पुढच्या सकाळी ते आमच्या शाळेत हजर. दोन्ही हातांत पिशव्या, सदरा घामाने ओला. बसला लटकत आले होते. त्यांनी बादलीभर पाणी मागितलं, सारिकाचे पाय भिजवले आणि व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवरून तिला चालायला लावलं. मग पळायला. मग उडी मारून डाव्या पायावर उतरायला. ओल्या पावलांचे ठसे वाळायच्या आत ते गुडघ्यांवर सरकत एकेक ठसा पाहत होते. सगळी शाळा खिडक्यांतून बघत होती.

मग ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मी जोडा बघितला. तुला बघितलंच नाही."

"काका, मीच बोलले न्हाई."

"मी विचारलं नाही. दुकान माझं आहे, विचारायचं काम माझं."

पुण्यातल्या दुकानदाराच्या तोंडून "माझं चुकलं" ऐकलेली मी एकटीच असेन. ते चौदा वर्षांच्या पोरीला म्हणाले, चारचौघांत म्हणाले. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी खिडक्यांतल्या मुलांवर ओरडले.

तिचा डावा पाय उजव्याहून एका मापाने मोठा होता. त्यांनी पिशवीतून पातळ कातड्याच्या बुटांचे दोन जोड काढले, एक पाचाचा, एक चाराचा. पाचातला डावा घेतला, चारातला उजवा, आणि नाड्या ओवायला लागले.

"अहो, उरलेल्यांचं काय करणार?" मी विचारलं.

"माझ्या दुकानात माझं मी बघेन."

पण खरी अडचण पुढेच होती. कोरा बूट पाच दिवसांत पायात बसत नाही, आणि सोललेल्या टाचांनी मैदानावर सराव करणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, "घरात घालून फिर. मऊ मोजे घालून, उठल्यापासून झोपेपर्यंत. भांडी घासताना, अभ्यासाला बसताना, सगळं बुटातच."

सारिकाचा चेहरा पडला. "आई घरात येऊच देणार न्हाई. चुलीपुढं जोडं?"

"चला," ते उठलेच. उसाच्या कडेकडेने आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. आई दारातच उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देव हाय घरात. जोडं घालून कुणी फिरलंय का आजवर? उद्या लोक तोंडात शेण घालतील."

मला वाटलं, आता हे काहीतरी तिरकस बोलणार आणि होत्याचं नव्हतं करणार. पण ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, हा बूट अजून बाहेरच्या मातीला लागलेला नाही. खोक्यातून निघाला तो व्हरांड्यातल्या धुतलेल्या फरशीवर आणि तिथून पिशवीत. पाच दिवस तो घराबाहेर जाणार नाही. चूक माझी आहे, ती तुमच्या घरात निस्तरावी लागतेय, म्हणून मागतोय."

ती माउली आत गेली. आम्ही उन्हात उभे. बाहेर आली ती हातात कुंकवाचा करंडा घेऊन. दोन्ही बुटांना तिने हळदकुंकू लावलं, नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं, आणि लेकीला म्हणाली, "घाल. पण देव्हाऱ्याकडं पाय करून बसायचं न्हाई."

पाच दिवस पोर बुटांत वावरली. भाकऱ्यासुद्धा बुटांत थापल्या. वडील म्हणे जेवताना तिच्या पायांकडे बघून गालात हसायचे, पण बोलत नसत.

चाचणीच्या दिवशी आमचे दुकानदार मैदानावर सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. मी तिला डाव्या कडेला उभं केलं होतं. पहिली काही मिनिटं ती बावरली आणि माझा जीव थोडा थोडा झाला. मग एक चेंडू तिच्याकडे आला, आणि ती सुटली. मागे दोघी, तिघी, धुरळा, आणि डाव्या पायाचा तो फटका. आम्ही सगळ्या किंचाळलो. हे शांतपणे मला विचारतात, "कुणी मारला?"

"अहो, तिनेच! बघत काय होतात?"

"पाय," ते म्हणाले. संपूर्ण सामना त्यांनी गुडघ्याच्या वर पाहिलाच नव्हता.

पुढे बऱ्याच मुलींना मी त्यांच्याकडे नेलं. जोडा उलटा करून बघायचं त्यांनी सोडलं नाही, पण त्याआधी विचारत, "हा तुझाच ना?" आणि बादली तयार ठेवत. आता ते नाहीत. ते गेले तेव्हा सारिका दूर नोकरीवर होती. बातमी मीच फोनवर कळवली. बोळात त्यांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मुलींना घेऊन मी मॉलमध्ये जाते. तिथे कुणी काही विचारत नाही, आणि माझी वही काढून मीच बोलत बसते.

पण ते आठवतात ते त्या चाचणीच्या दिवशीचे. सामना संपल्यावर त्यांनी सारिकाला कडेच्या गवतावर बसवलं, बूट काढायला लावले, मोजे उतरवले. दोन्ही टाचा हातात धरून पाहिल्या. नवा फोड एकही नव्हता. पिशवी उचलून ते म्हणाले, "झालं. मी निघतो."

"अहो, थांबा! नावं वाचायचीत अजून."

"ते त्यांचं काम. माझं झालं."

आणि खरंच निघाले. निवड समितीचे गृहस्थ कागद घेऊन उभे राहिले. एकेक नाव येत होतं आणि सारिकाने माझा हात असा आवळून धरला होता की बांगडी रुतत होती. नऊ नावं झाली, दहा झाली. मी सहज फाटकाकडे पाहिलं. हे तिथेच उभे होते, आमच्याकडे पाठ करून. समोरून त्यांची बस आली, थांबली, कंडक्टरने हात केला, बस निघून गेली. हे हलले नाहीत.

चौदावं नाव तिचं होतं. मुलींनी आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं. फाटकाजवळ त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, सदऱ्याच्या बाहीने चेहरा पुसला आणि पुढची बस धरायला रस्ता ओलांडून गेले.