जीभ दाखवा, मास्तर

डॉक्टरीणबाईंसमोर तोंड मिटून उभा राहील असा माणूस मेहकरात अजून जन्मायचा आहे. त्या माझ्या घरासमोरच राहत. रस्त्यात भेटल्या की रामरामाच्या आधी, "जीभ दाखवा!" लग्नाच्या पंगतीत आग्रह करायला आलेल्या यजमानाची पापणी ओढून पाहत, "रक्त कमी हाय, पालक खा" म्हणत, आणि त्याच्या हातातली जिलबी आपल्या पानात वाढून घेत.

पण बाई नव्या आल्या तेव्हा सरकारी दवाखान्यात फक्त बायका आणि पोरं दिसायची. पुरुषानं बाईच्या हाती नाडी द्यायची म्हणजे काय! मग आम्ही मर्दांनी युक्ती काढली. दुखणं आपलं, पण बाटली घेऊन जायचं बायकोनं, आणि सगळी लक्षणं स्वतःची म्हणून सांगायची. बाईंनी ते आठवड्यात ओळखलं. माझ्या पोटात कळा आल्या, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला समोर बसवून भूक लागायचं कडूजहर औषध पाजलं. ती घरी आली ती थुंकतच.

"पोट तुमचं, अन् औषध मले! आता सोताच जा. अन् आइका, पुरुष आले नाहीत तं वरचे सायब बाईले इथून काढून बाळंतपणाच्या वार्डात धाडून राह्यले. रडकुंडीले आली होती बिचारी. म्हने, मी काय फक्त पाळणे हालवाले डॉक्टर झाली?"

मी गेलो. उपकार करायला जावं तशा थाटात, पण मफलरनं तोंड झाकून. बाईंनी पोट दाबलं.

"काल काय खाल्लं, मास्तर?"

"काही नाही... थोडी भजी."

"थोडी म्हंजे?"

"परातभर."

खिडकीबाहेर हशा फुटला. पाहतो तर गावातले निम्मे नवरे तिथं कान लावून उभे! एक जण म्हणाला, "अबे, मास्तर जित्ता हाय!"

"तुमीबी आत या," बाई कडाडल्या. "आपापलं दुखणं आपापल्या पायानं आणा!"

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात पागोट्यांची रांग लागली, आणि वार्डाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पुढे काही वर्षांनी त्यांची बदली सोनाळ्याला झाली, अख्खा दवाखाना त्यांच्या हाती. "तिथले पुरुषबी बायकोले पाठवतात म्हने," एस.टी.त चढताना त्या म्हणाल्या. "कडू औषध सोबतच घेतलं हाय." मी निरोपाचं भाषण पाठ करून गेलो होतो, पण ते सुरू करायच्या आतच कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तशी खिडकीतून हाक आली, "मास्तर, जीभ!"

भर स्टँडवर मी जीभ बाहेर काढली.

"साफ हाय," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदरानं पुसू लागल्या. गाडी वळणाआड गेली, तरी जीभ आत घ्यायचं मला सुचलं नाही.